दादाची ओळ

घरात कुणाचाही वाढदिवस असो, पंधरा दिवस आधी ताईची कात्री चालू व्हायची. कपडे दुरुस्त करण्याच्या दुकानात तिची उभी हयात गेली. तिथल्या चिंध्या, सुटी बटणं, उरलीसुरली लेस डब्यात बसून घरी यायची आणि जाड कागदावर पानाफुलांचं रूप घ्यायची. आत दोन ओळी तिच्या स्वतःच्या. धाकट्या भावाला एकदा तिने लिहिलं होतं :

सुई पुढे पुढे, दोरा मागे मागे
भाऊ माझे दोन, एका विणीचे धागे

मग ते कार्ड घरोघरी फिरायचं. मावशी, आतेभाऊ, भाच्या, ज्याने त्याने आपली एकेक ओळ लिहायची. शेवटी ते ताईकडे परत यायचं आणि केकच्या डब्यावर बांधून ज्याचं त्याला पोचायचं.

अडायचं ते एकच कार्ड, बारक्याचं. बारक्या म्हणजे तोच धाकटा भाऊ. ताई ते दादाच्या टेबलावर ठेवायची. वहिनी गेल्यापासून ती दादाकडेच राहत होती, तेव्हा चार पावलांचं काम. पण दुसऱ्या दिवशी कार्ड जिथल्या तिथे आणि दादाची जागा कोरी. सहा वर्षं हेच. आई गेली त्या दिवशी बारक्या लांब पल्ल्याची बस घेऊन गेला होता. तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

"मला का नाही कळवलंस?"

"तुला सवड कुठे असते," दादा म्हणाला होता. बस्स, एवढंच. तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता.

ती कोरी जागा ताईच्याने बघवेना. तिला अक्षरं दादानेच शिकवलेली. त्याने पाटीवर काढायचं, तिने वरून गिरवायचं. पहिल्याच वर्षी तिने त्याच्या वळणाने दोन शब्द लिहिले : 'सुखी राहा.' पाच वर्षं तेच दोन शब्द. यंदा मात्र दादाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, डॉक्टर नुसतं "बघू" म्हणाले, आणि ताईचा हात थांबला नाही. 'आईच्या वेळी चुकलं माझं. दादा.'

कार्ड पोचल्यावर महिन्याभराने बारक्याचा फोन आला. "रविवारी दादाचा वाढदिवस ना? येतोय मी. त्याला सांगू नकोस."

ताईने बोटांवर दिवस मोजले. ऑपरेशन मंगळवारी होतं.

रविवारी सकाळी केक मधोमध खचला. तीस वर्षांत पहिल्यांदा. ती त्याच्याकडे बघत उभी होती तेवढ्यात बेल वाजली. नावाचाच बारक्या, दारातून आत यायला त्याला अंग चोरावं लागलं.

"काय गं, केकवर बसलीस की काय?" तो हसला. अंगात ड्रायव्हरचा शर्ट तसाच, रात्रभर गाडी चालवून आलेला. वरच्या खिशातून कार्डाचा कोपरा डोकावत होता. "कुठाय तो?"

"दाढी करतोय. बस जरा."

"सहा वर्षं बसलोच की. आता नाही बसत." तो खोलीकडे वळला.

ताईने त्याचं मनगट धरलं. दादाने "कसली ओळ?" म्हटलं की याचं तोंड किती उतरेल, ते तिला आत्ताच दिसलं.

"ते मी लिहिलंय," ती म्हणाली.

"काय?"

"दादाचं. यंदाचं. आणि मागचीही सगळी."

बारक्याने कार्ड काढलं, उलटं केलं, सुलटं केलं. चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला.

"माफीसुद्धा घरीच बनवलीस काय ताई? केकसारखी?"

ताईने कार्डासाठी हात पुढे केला. त्याने दिलं नाही.

"मी हे बायकोला वाचून दाखवलं. पोरांना दाखवलं. रडलो मी, कळतंय का तुला?"

"कोण आलंय?" दादा खोलीच्या दारात उभा होता, एका गालावर फेस तसाच. बारक्याला बघून त्याने चौकट धरली. वाळून अर्धा झालेला तो माणूस बारक्या पहिल्यांदाच बघत होता. तरी त्याने कार्ड पुढे केलं.

"हे तू लिहिलंस?"

दादाने चष्मा शोधला, लावला. एक ओळ वाचायला त्याला फार वेळ लागला. त्याने एकदा ताईकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "मी नाही लिहिलं." मग तो मागे वळून खोलीतल्या खुर्चीत बसला. "त्या रात्री फोन हातात घेतला होता मी. दोनदा. आई म्हणाली, त्याला गाडी चालवायचीय, पन्नास माणसं असतात मागे. जिवाला घोर लावू नकोस. सकाळी सांग. तिला वाटलं, सकाळ होईल. मलाही वाटलं."

"मग हे मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? गेलेल्या आईवर ढकलू? आणि ते सवडीचं... ते तोंडातून गेलं माझ्या. मग परत घेता येईना."

बारक्या आत गेला. मग त्याने दुसरी खुर्ची ओढली, पण दादाच्या समोर नाही, शेजारी. दोघं भिंतीकडे तोंड करून बसले, थांब्यावरच्या प्रवाशांसारखे.

"फेस पूस," बारक्या म्हणाला.

ताईने केक कापला. खचलेला भाग स्वतःकडे ठेवून दोन बश्या भरल्या आणि आत नेल्या. दादाने घेतली. बारक्याने बशी घेतली, पण वर पाहिलं नाही.

"तुझ्याशी मी आज बोलणार नाही," तो म्हणाला.

"बरं."

"उद्याही नाही."

"मंगळवारी ऑपरेशन आहे त्याचं. येशील ना पण?"

बारक्याने दादाकडे पाहिलं. दादाच म्हणाला, "बाई, तू जा आता."

ती स्वयंपाकघरात आली. आतून आधी दादाचा बारीक आवाज, मग बारक्याचा घोगरा, मग दोन्ही एकमेकांत गुंतलेले. अधूनमधून एखादा शब्द ऐकू येत होता. दोन पावलं पुढे गेली असती तर सगळे कळले असते. ताई मोरीपाशी गेली, केकचं भांडं नळाखाली धरलं, आणि काही म्हणता काही ऐकू येऊ नये म्हणून नळ पुरता सोडला.