वर्खाच्या खोलीतला खोकला

चौकटींवर सोन्याचा वर्ख चढवायचं काम मोठं नाजूक. जरा वारा लागला की पान भुर्रकन उडालंच. म्हणून त्या खोलीत पंखा नाही, खिडकीला कायमची कडी. आणि वर्ख चिकटायला लाकडावरच्या लेपावर तोंडाची वाफ सोडावी लागते, हाऽऽ करून. म्हणजे मास्क बांधायचीही सोय नाही.

अशा खोलीत पॉलिशवाला सोमवारपासून खोकत होता. समोरच वर्ख लावणारी मावशी. मावशीच्या लेकीला सातव्या महिन्यातच मुलगा झालेला. काचेच्या पेटीत वाढलेलं ते पोर आज घरी येणार होतं. जावई जहाजावर, लेक एकटी, मावशीच काय तो आधार. डॉक्टरांनी बजावलेलं, सर्दी-खोकलेवाल्यानं बाळाच्या आसपास फिरकायचं नाही.

"अरे, घरी जा की मेल्या!" मावशी करवादली.

"साधा खोकलाय, मावशी. आणि तोंडावर हात धरतोय ना मी?"

"हातानं काय होतंय? बंद खोलीत एकानं सिगारेट ओढली तर कोपऱ्यातल्यालाही वास येतो ना? तसंच हे. तुझा श्वास आम्ही सगळे गिळतोय."

तेवढ्यात शेठ आले, साबण घेऊन. "सगळ्यांनी हात धुवा, टेबलं पुसा. झालं समाधान?"

"साबण ठीकच आहे, शेठ. पण खिडकी उघडा."

"आणि वर्ख? तो काय तुम्ही ओंजळीत झेलणार?"

मावशीचं डोकंच फिरलं. उठली, कडी काढली, खिडकी धाडकन उघडली. वर्खाची पानं गिरक्या घेत छताला गेली. शेठ बोंबलले. पॉलिशवाला ती धरायला स्टुलावर चढला आणि वरूनच सगळ्यांवर शिंकला.

"घ्या!" मावशी म्हणाली. "आता प्रसादही मिळाला."

संध्याकाळी डबा घेऊन लेकीचा जिना चढताना मावशीच्या घशात काहीतरी टोचलं. तिनं गिळून बघितलं. पुन्हा टोचलं. खोकला कुठे आलाय अजून, मन म्हणालं. पण पॉलिशवाल्याचंही असंच सुरू झालं होतं की.

लेकीनं दार उघडलं तशी मावशी पायऱ्या उतरून खाली सरकली.

"आत ये ना, आई! डबा काय तिथून फेकणार आहेस?"

"घसा धरलाय माझा. डबा इथंच ठेवते, मी गेले की उचल."

"अगं, मला त्याला नीट घेता पण येत नाही! तुझ्याच भरवशावर आणलाय ना घरी?"

"त्या पॉलिशवाल्याचं मी…" शिवी अर्धीच राहिली. आत बाळ मांजराच्या पिल्लागत रडायला लागलं. लेक धावली.

"मान धर आधी!" मावशी जिन्यातूनच ओरडली. "हात मानेखाली घाल. धरलीस का? बोल की गं, धरलीस का?"