पाचवं नाव

मी चंद्रमौळी. जन्मभर दुसऱ्याच्या मागे गायलो. पुढचा म्हणेल ते तसंच उचलायचं, तो चुकला तर चूकही उचलायची, असा आमच्या भजनाचा कायदा. अशा माणसाला स्वतःचं डोकं वापरायची सवय राहत नाही. या गोष्टीतली चूकही माझीच आहे, ती आधीच कबूल करतो.

कुंभकोणमला आमच्या मराठी लोकांची भजनमंडळी होती. दर एकादशीला संध्याकाळी वेंकोजीरावांच्या घरी भजन व्हायचं. ते पुढे, सेतू मृदंगावर, नरसिंह आणि मी झांजा घेऊन मागे. वेंकोजीराव माणूस सोन्यासारखा, पाठांतर दांडगं, पण सूर काही त्यांच्या हाती लागायचा नाही. तो यायचा स्वयंपाकघरातून. त्यांची बायको कामाक्षी दाराआड बसून हलकेच सूर द्यायची, आणि तो पकडून वेंकोजीराव गायला लागायचे. अर्ध्यात ते दमले की आम्ही खाली ‘विठ्ठल विठ्ठल’ धरून ठेवायचो आणि दाराआडून कामाक्षीवहिनींचा आवाज वर निघायचा. शेजारच्या पट्टीश्वरम गावाहून लोक यायचे ते त्या आवाजासाठी. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. बाईमाणसानं पुढे बसून भजन सांगायचं नाही, असा आमच्यात रिवाज. तो कोणी घातला मला माहीत नाही, पण मोडायची छाती माझी तरी नव्हती.

चोपन्न साली तिरुच्चीच्या रेडिओचं पत्र आलं. सकाळी अर्धा तास भजन, थेट. वेंकोजीरावांना आधी आनंद झाला, मग घाम फुटला. स्टुडिओत स्वयंपाकघर कुठून आणणार? शेवटी वहिनींना बरोबर न्यायचं आणि कोपऱ्यात बसवायचं ठरलं. त्यांनी ठेवणीतलं लुगडं काढलं. गाडीत खिडकीशी बसून त्या सगळी भजनं मनात म्हणत होत्या. ओठ हलताना मला दिसत होते.

स्टुडिओत एकच मायक्रोफोन होता. गेल्या गेल्या गाणाऱ्यांच्या नावांची चिठ्ठी मागितली, ती मी लिहून दिली. मग तालीम सुरू झाली. पाच मिनिटांत काचेपलीकडचा अधिकारी बाहेर आला आणि त्यानं तमिळमध्ये विचारलं, कोपऱ्यातून गातंय कोण? आम्ही चौघं मूग गिळून बसलो. त्यानंच मग वहिनींना उठवून मायक्रोफोनसमोर बसवलं आणि आम्हाला सहा हात मागे सारलं. वेंकोजीरावांचा चेहरा उतरला, पण परक्या ठिकाणी बोलतात काय?

आणि त्या गायल्या. वीस वर्षं दाराआड राहिलेला आवाज त्या दिवशी उंबरा ओलांडून आला. आम्ही मागे ‘विठ्ठल विठ्ठल’ धरलं होतं, आणि मागे गाण्यात काही कमीपणा नाही असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. डोळे भरून आले, एक झांज चुकली. ती तशीच रेडिओवर गेली.

शेवटी निवेदकानं माझी चिठ्ठी वाचली. वेंकोजीराव, सेतू, नरसिंह, चंद्रमौळी. एकादशीच्या आमंत्रणावर नेहमी लिहायचो ती चार नावं मी हाताच्या सवयीनं लिहिली होती. तालमीनंतर दहा मिनिटं होती, दुरुस्त करता आली असती. सुचलंच नाही. वहिनी मायक्रोफोनसमोर तशाच बसून होत्या, अजून एक नाव यायचं आहे म्हणून. मग प्रसारण चालू असल्याचा तांबडा दिवा विझला.

परतीच्या गाडीत सुंदरपेरुमाळ कोयिल स्टेशन मागे पडलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, “भावजी, गातां वेळीं आपण किती जण होतों?”

पाच, म्हणालो.

“मग नांवें चारच कशीं आलीं?”

वेंकोजीराव बाहेरची केळीची बाग बघत राहिले. गावात मात्र लोकांनी त्यांचं तोंडभर कौतुक केलं, आणि त्यांनी ते घेतलंही.

पुढच्या एकादशीला घरात पाय ठेवायला जागा नव्हती. वेंकोजीराव चिपळ्या घेऊन पाटावर बसले आणि सुराची वाट पाहू लागले. आतून सूर आला नाही. बांगड्या वाजत होत्या, कॉफीचा वास येत होता, म्हणजे त्या आत होत्या. सेतूनं उगाच मृदंग पुन्हा लावला. शेवटी वेंकोजीरावांनी आपलं आपण सुरू केलं, आणि ते भलतीकडेच गेलं. कायदा तो कायदा. आम्हीही मागोमाग भलतीकडे गेलो. पट्टीश्वरमच्या एका आजीनं तोंडाला पदर लावला.

ते थांबले, उठून दाराशी गेले. “कामाक्षी, श्रुति दे.”

“चौघांचें भजन आहे,” आतून शांतपणे उत्तर आलं. “चौघांनीं म्हणावें.”

सगळ्यांनी ऐकलं. मी उभा राहिलो आणि सांगितलं की चिठ्ठी मी लिहिली होती, दोष माझा.

“लिहिलीस तूं,” वेंकोजीराव म्हणाले. “ऐकून गप्प बसलों मी.”

मग त्यांनी चिपळ्या पाटावर ठेवल्या आणि माझ्या शेजारी, मागे, जमिनीवर येऊन बसले. भजन कोण सांगणार हे आधी मोठ्यानं सांगायची आमची पद्धत. “आज भजन कामाक्षीबाई सांगतील. आम्ही अस्के, सगळे, मागें म्हणूं.”

मग वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या, पाटावर बसल्या, चिपळ्या उचलल्या. सुरू करायच्या आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“भावजी, आज कोण कोण गातें, नांवें सांगा.”

मी पाच नावं सांगितली. त्यांचं पहिलं. माझा आवाज फाटला.

“मागच्यांना ऐकूं गेलें नसेल,” त्या म्हणाल्या. “परत सांगा.”

मी परत सांगितली.