माझी उघडी बाजू

मी एक जुनी लाकडी युद्धनौका आहे. लांबीला दीड हात, तीन डोलकाठ्या, चौसष्ट तोफा. समुद्र मी कधी पाहिलेला नाही. खरी नौका दोन-अडीचशे वर्षांपूर्वी लढली आणि मोडीत निघाली, मी तिच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी प्रतिकृती. पण मित्रांनो, लढाई मलाही चुकली नाही. माझ्यावर हल्ला झाला तो प्लायवूडचा. तो राग अजून माझ्या फळ्यांत भरलेला आहे, म्हणून आज तोंड उघडते आहे.

मला घडवलं साचेकारांनी. ओतकामाच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं लाकडी साचे केले. पंप असो, झडप असो की चाक, जे लोखंडात ओतायचं ते आधी हुबेहूब लाकडात करायचं. तो साचा वाळूत दाबून काढला की वाळूत त्याची पोकळी उरते, आणि त्या पोकळीत तापून वितळलेलं लोखंड ओततात. लोखंडी वस्तू जगात जाते आणि वाहवा मिळवते. साचा फडताळात धूळ खात पडतो. चौतीस वर्षांत साचेकारांचं एकही काम बाहेरच्या माणसाच्या नजरेला पडलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एका जुन्या नौकेचा आराखडा मिळवला, नासपतीच्या वाळलेल्या लाकडाचे तुकडे जमवले आणि मागच्या खोलीत खिडकीखालच्या बाकावर मला सुरुवात केली. आणि पहिल्याच महिन्यात सपशेल फसले.

झालं असं, की ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं. म्हणून साचेकाराची मोजपट्टी वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. माझा कणा त्यांनी आराखडा चिकटवून कापला, तो बरोबर आला. फासळ्यांची मापं घेताना मात्र सवयीनं हात गेला तो कारखान्याच्या पट्टीकडे. एकोणीस फासळ्या तासून, घासून तयार झाल्या. कण्यावर बसवायला गेले तर एकही खाचेत बसेना. साचेकार डोक्याला हात लावून बसले.

त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली काकू म्हणायची. काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, "कसली वाट बघताय? लाकूड थंड होऊन आक्रसेल म्हणून?"

साचेकार इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं. अठरा फासळ्या जाळायला गेल्या. सगळ्यांत रुंद अशी मधली फासळी काकूंनी खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवली. "परत त्या पट्टीकडे हात गेला की आधी हिच्याकडे बघा," असं वर बजावलं.

मग छप्पन्न फासळ्या नव्यानं झाल्या. एकेक फासळी तीन तुकडे सांधून केलेली, बाहेरून घासलेली, आतून घासलेली, दोन्हीकडून तेल मुरवलेलं. फळ्या किटलीच्या वाफेवर धरून वाकवल्या. दोर काकूंनी वळले. मेण लावलेल्या दोऱ्याच्या शेकडो गाठी त्यांनी मारल्या आणि एकेका गाठीला नावं ठेवली. तोफा लेकीनं केल्या. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्याकडे कामाला होती, त्यामुळे तिच्याकडे बारीक कानशींचा नुसता बाजार. या कामात सहा वर्षं गेली.

डावी बाजू फळ्यांनी पूर्ण झाली. उजवीकडे वरून तोफांच्या ओळीपर्यंत खाली आल्यावर साचेकारांनी हात थांबवला. खालचं सगळं पोट उघडंच ठेवलं.

लेक म्हणाली, "बाबा, एवढं राहिलंय की."

"राहिलेलं नाही, ठेवलंय," ते म्हणाले. "चौतीस वर्षं माझं काम वाळूत पुरलं. हिची एक बाजू तरी दिसू दे. ही कशावर उभी आहे ते लोकांना कळू दे."

साचेकारांनी मला बंदर कचेरीला भेट दिलं. तिथल्या जिन्याखालच्या दालनात काचेच्या कपाटात मी उभी राहिले. शेजारी साचेकारांच्या हातचं कार्ड होतं: 'उजवी बाजू मुद्दाम उघडी ठेवली आहे.' ते दिवस काय सांगू! मुलं काचेला नाक लावून फासळ्या मोजायची आणि छप्पन्नाच्या जागी दर वेळी वेगळा आकडा काढायची. बोटीवरचे लोक येऊन माझ्या पोटात डोकावायचे आणि एकमेकांना कोपरानं ढोसायचे. उघड्या बाजूसमोर गर्दी, डावीकडे शुकशुकाट. मला त्याचा थोडा गर्वही झाला होता.

पुढे साहेब बदलले. भिंतींना रंग देताना माझं कपाट हलवलं आणि कार्ड गहाळ झालं. वरून तपासणी येणार म्हणून दालनातल्या वस्तूंची यादी झाली. माझ्या नावापुढे शेरा पडला: अपूर्ण. ज्यानं लिहिला त्यानं मला वाकून पाहिलं असेल की नाही, शंकाच आहे. विचारायला काय जात होतं? साचेकारांचं घर तिथून चालत वीस मिनिटांवर. पण विचारतो कोण?

कचेरीची टेबलं-कपाटं दुरुस्त करणारे दोघे आले आणि साडेतीन तासांत उरकून गेले. त्यात त्यांचं जेवणही झालं. माझ्या उघड्या बाजूवर त्यांनी प्लायवूडच्या पट्ट्या मारल्या. त्याही चुका, म्हणजे बारीक खिळे ठोकून, थेट फासळ्यांत. मधल्या फासळीत चूक गेली तेव्हा ती काडकन मोडली. दोघांतला एक म्हणाला, "आत काहीतरी तुटलं वाटतं." दुसरा म्हणाला, "आतलं कुठे दिसतंय?" मित्रांनो, आजही हे वाक्य आठवलं की माझ्या तिन्ही डोलकाठ्या थरथरतात. वरून चकचकीत तपकिरी रंगाचे दोन हात दिले. नवी पाटी लागली: 'जुनी युद्धनौका. दुरुस्ती: बंदर कचेरी.' ज्यांनी बिघडवलं त्यांचं नाव ठळक, ज्यांनी घडवलं ते गायब.

साचेकार तोवर एक्याऐंशीचे झाले होते. काकू गेल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एका सकाळी लेक त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून माझ्याकडे घेऊन आली. ते नेहमीसारखे उजवीकडे गेले आणि काचेला कपाळ टेकवलं.

"मला फासळ्या दिसत नाहीत गं," ते म्हणाले. "डोळे फारच गेले वाटतं."

मला तेव्हा आवाज असता तर सगळी कचेरी हलवली असती. लेकीनं पाहिलं. ती म्हणाली, "डोळे आहेत तसेच आहेत, बाबा. ती बाजू बंद केलीय."

ते भिंतीशी असलेल्या बाकावर बसले. "पुन्हा पुरलं म्हण की," एवढंच म्हणाले.

लेक तडक साहेबांच्या खोलीत गेली. दार उघडंच असल्यानं मला सगळं ऐकू येत होतं.

"अर्धवट होती, आम्ही पूर्ण करून दिली," साहेब म्हणाले. "आभार मानायचे सोडून भांडताय काय?"

ती माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी आली ती काकूंनी खिळ्याला अडकवलेली फासळी घेऊन. साहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "हात फिरवून बघा. आतूनसुद्धा." साहेबांनी फिरवला. "ही चुकलेली, बाद केलेली फासळी. बाद कामाला एवढी सफाई. अशा छप्पन्न, अचूक मापाच्या, तुम्ही चुका ठोकून झाकल्यात. आतून तेल मुरवलेलं काम कुणी अर्धवट सोडतं का?"

साहेबांनी फासळीवरून आणखी एकदा बोट फिरवलं. मग साहेबच ते, म्हणाले, "अर्ज द्या."

अर्ज दिला. तीन महिने आणि पाच हेलपाटे झाले. शेवटी परवानगी आली, 'स्वतःच्या जबाबदारीवर'. ठोकताना कुणाची जबाबदारी होती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

लेकीनं दोन रविवार लावून, दातांच्या कामाच्या चिमट्यांनी एकेचाळीस चुका उपटल्या. मधली फासळी दोन तुकडे होऊन हातात आली. तिच्या जागी तिनं ती जुनी, मोठी झालेली फासळी घेतली आणि कानशीनं उतरवत नेली. आणखी एक हात मारला तर सांधा उघडेल, अशा ठिकाणी ती थांबली. फासळी बसली, पण केसभर पुढे राहिली.

कपाट उघडून साचेकारांना आणलं. फोटोसाठी साहेब सर्वांत पुढे उभे राहिले. ते गेल्यावर साचेकारांनी माझ्या पोटात हात घातला. एकेक फासळी बोटानं मोजत पुढे सरकले आणि मध्ये अडले.

"ही केसभर जास्त आहे. तुझं काम?"

"फासळी तुमचीच आहे, बाबा. खिळ्यावरची."

त्यांचं बोट तिथेच राहिलं. मग ते हळूच हसले. "म्हणजे तुझी आई म्हणाली तशी आक्रसली एकदाची. वेळ घेतला, पण आक्रसली."

आता साचेकार नाहीत. कार्ड पुन्हा लागलं आहे, यावेळी लेकीच्या अक्षरात. माझ्या फासळ्यांवर एकेचाळीस भोकं आहेत, ती तिनं बुजवली नाहीत. बघणाऱ्यांना कळू दे, असं म्हणाली. मित्रांनो, तुम्हाला एखादी गोष्ट अपुरी वाटली तर हातोडी उचलण्याआधी जिन्यावरून उतरा, वीस मिनिटं चाला आणि करणाऱ्याला विचारा. तो नसेल तर त्याच्या माणसांना विचारा. उद्या नवे साहेब येतील. कुणाला तरी माझी मधली फासळी पुढे आलेली दिसेल आणि तो कानस घेऊन सरळ करायला येईल. तेव्हा तुमच्यापैकी जो कोणी जवळ असेल, त्यानं त्याचा हात धरायचा. ती चुकून नाही राहिलेली, ठेवली आहे.