फूल आणि पान

मन्नूबियाने फुलांचं तेल काढायच्या तांब्याच्या भांड्याच्या सांध्यावर कणकेचा पट्टा दाबून बसवला. अत्तरांचा दलाल लम्जद अंगणात केव्हाचा उभा होता. ती उठली नाही.

"दोर्साफ, तो अहवाल याच्यासमोर वाच."

गेल्या वसंतातलं तिचं नारिंगाच्या फुलांचं तेल कारखान्यातलं, नकली आहे, असं लम्जद नाबुल शहरातल्या कॅफेत बोलला होता. हिवाळाभर कुणी तिची बाटली घेतली नाही. तेव्हा तिनेच त्याच्यासमोर बाटली मोहोरबंद करून परदेशी प्रयोगशाळेत धाडली होती.

शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या भाचीने, दोर्साफने, अहवाल वाचला आणि समजावला. जिवंत झाड हवेतून किंचित किरणोत्सारी कार्बन घेतं. कोट्यवधी वर्षं गाडलेल्या खनिज तेलात तो उरत नाही, म्हणून त्यापासून केलेल्या सुगंधातही नसतो. मावशीच्या तेलात तो झाडात असतो तेवढा, पुरेपूर होता.

लम्जदने टोपी काढली. चुकलो म्हणाला. सगळ्या बाटल्या शुद्ध फुलांचं तेल म्हणून, चढ्या भावाने घ्यायला तो तयार होता.

मन्नूबियाने बोटांची कणीक खरवडली.

"तुझा तो कार्बन फूल कुठलं नि पान कुठलं, ते सांगतो का गं?"

"नाही मावशी. दोन्ही एकाच झाडाची."

मग तिने सांगितलं. गेल्या वर्षी फुलं आली त्याच दिवशी तिची बहीण, दोर्साफची आई, गेली. फुलं निवडणाऱ्या बायका दुखवट्याला बसल्या. निवडायला कुणी उरलं नाही आणि फुलं तर उद्यापर्यंत थांबत नाहीत. तिने ती पानांसकट भांड्यात लोटली, म्हणून तेलाला पानांचा उग्र वास आला.

"तुझं नाक खरं होतं, लम्जद. जीभ खोटी."

लम्जदचा आवाज खाली आला. "या कागदात पानं कुठे आहेत? कुणाला कळणार आहे?"

"मला कळतं. बाटलीवरच्या चिठ्ठीवर लिही, फूल आणि पान."

"अर्धाच भाव येईल," लम्जद म्हणाला.

"अर्ध्याने ने. पण कॅफेत जाऊन सगळं सांग. कारखान्याचं नाही, हे आधी."

तो चिठ्ठ्या मांडून लिहायला बसला. दोर्साफने अहवालाची घडी केली, बाह्या वर सारल्या आणि आजच्या फुलांच्या ढिगाशी बसून एकेक पान वेगळं काढू लागली.