बाईंनी वाजवलेलं बाक

मी बाक बोलतोय. शाळेतलं नव्हे बरं का, राज्याच्या विधानसभेतलं! शाळेतल्या बाकांवर मुलं बसतात. माझ्यावर बसणारी माणसं त्यांच्यापेक्षा जास्त दंगा करतात आणि तरी निवडून येतात.

मला एका सुताराने सागवानातून घडवलं. पॉलिश वाळल्यावर त्याने माझ्या पुढच्या फळीवर दणादणा हात आपटून पाहिले. "बसणाऱ्यांचं ओझं कमी आणि मार जास्त, असं आहे याचं नशीब," तो म्हणाला. खरंच होतं ते. आमच्या सभागृहात टाळ्या वाजवत नाहीत, भाषण आवडलं की बाक वाजवतात. तेही आपला माणूस बोलला तरच. समोरच्या बाजूचा बोलला की हाताची घडी घालायची, असा शिरस्ता.

माझ्या वाट्याला आल्या बाई. मूळच्या शिक्षिका. निवडून आल्या आणि विरोधी बाजूला, माझ्या डाव्या अंगाला येऊन बसल्या. सरकारं आली नि गेली, बाईंचा पक्ष काही सत्तेत आला नाही आणि बाई काही हरल्या नाहीत. उजवीकडे त्यांच्याच पक्षाचे डॉक्टर बसत. नेत्याचं भाषण रंगलं की डॉक्टर मला बडवून काढत आणि बाईंना म्हणत, "अहो, वाजवा की!"

"बाक वाजवणाऱ्या पोरांना मी तासभर उभं केलंय, डॉक्टर. आता मीच वाजवू?"

झालं! माझं उजवं अंग ठणठणायचं आणि डावं मुकंच राहायचं. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? एवढी मोठी बाई आपली, आणि तिचा हात एकदाही आपल्यावर पडू नये!

पण अभिमान मात्र मला त्यांचाच होता. कारखान्यांत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या बायका अंधारात पायपीट करत घरी जायच्या. त्यांना कारखान्याने गाडीने दारापर्यंत सोडावं, एवढंच बाईंचं मागणं. दर अधिवेशनात त्या विधेयक आणायच्या आणि समोरच्या बाकावरचे वकीलसाहेब त्याच्या चिंधड्या उडवायचे. सरकारी पक्षाचे ते बिनीचे वक्ते. बाई मुकाट्याने चिंध्या गोळा करायच्या, शिवायच्या आणि पुढच्या अधिवेशनात पुन्हा उभ्या राहायच्या. "तिसरं कलम तुमच्यामुळे सुधारलं हो," असं वर त्यांनाच सांगायच्या.

एकदा मतदानाची वेळ आली तेव्हा सरकार अगदी काठावरचं होतं. सदस्य उभे राहिले, डोकी मोजली गेली. समोर वकीलसाहेबांची जागा रिकामी! चष्म्याचं घर मात्र तिथेच होतं. विधेयक एका मताने मंजूर झालं. आमच्या बाजूने आनंदाने बाकं बडवली. बाई नुसत्या डोळे पुसत होत्या.

थोड्या वेळाने वकीलसाहेब मिशी पुसत आत आले. त्यांचा नेता कडाडला, "कुठे होतात?"

"कॅन्टीनमध्ये. चहा घेत होतो."

"इतका वेळ?"

"फार गरम होता."

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टर कुजबुजले, "बाई, आभार तरी माना."

"आज आभार मानले तर उद्या त्यांना पक्षातून काढतील. तुम्हीही अवाक्षर काढू नका."

बाई गप्प राहिल्या, पण नेता काय समजायचं ते समजलाच. मंत्रिपद वकीलसाहेबांच्या दाराशी आलं होतं, ते तिथूनच मागे फिरलं. गाड्या मात्र सुरू झाल्या आणि आजही धावताहेत.

मग गेल्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस उजाडला. सर्वांत जास्त वर्षं सेवा केलेल्या दोन सदस्यांचा सत्कार होता. एक बाई, दुसरे वकीलसाहेब. दोघंही आता निवडणूक लढवणार नव्हते. अध्यक्षांनी बाईंचं मानपत्र वाचलं, आमची बाजू दणाणली, समोर घड्या. वकीलसाहेबांचं वाचलं, समोरची बाजू दणाणली, इकडे घड्या. मला तर लाजच वाटली. सत्काराच्या दिवशीसुद्धा हेच?

बाई उत्तराला उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष महोदय, तो गाड्यांचा कायदा एका मताने झाला, आणि ते एक मत कॅन्टीनमध्ये चहा पीत बसलं होतं. त्या चहापायी वकीलसाहेबांचं मंत्रिपद गेलं. मी बोलले असते तर होतं तेही गेलं असतं, म्हणून इतकी वर्षं तोंड शिवून बसले. आता आम्ही दोघंही घरीच निघालोय. आता त्यांना कोण काय करणार?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढला.

आणि बाईंनी हात उचलला. तो म्हातारा, खडूने खरखरीत झालेला हात माझ्या डाव्या अंगावर आदळला. एकदा, दोनदा, मग धडाधड! काय सांगू, माझा खिळान् खिळा शहारला.

"चहा खरंच गरम होता, अध्यक्ष महोदय," वकीलसाहेब कसंबसं म्हणाले. मग दोन्हीकडची बाकं अशी वाजली की छतावरची कबुतरं उडाली.

बाई खाली बसून तळहात चोळत डॉक्टरांना म्हणाल्या, "चांगलंच लागतं हो! पोरं कशी वाजवत असतील?"

आता माझ्या डाव्या अंगाला एक नवीन सदस्य बसते. हुशार आहे, आवाजही खणखणीत आहे. समोरचा बोलू लागला की तिचीही घडी पडते. बाई गं, मला हवं तेवढं बडव, मी त्यासाठीच घडलोय. पण समोरचा कधी खरंच चांगलं बोलला, चांगलं वागला, तर ती घडी सोड. आणि बाईंसारखं निवृत्तीपर्यंत थांबू नकोस.