वाऱ्याचा दम

सकाळपासून वारा उलट्या बाजूनं येत होता. गव्हाच्या पेंढ्या कापून शेतात पडलेल्या, काही खळ्यावर आणून रचलेल्या, आणि आभाळ असं, की धड काळं नाही, धड मोकळं नाही. सासूबाई दर थोड्या वेळानं अंगणात जायच्या, वर बघायच्या आणि आत येऊन माझ्यावर चिडायच्या.

"पोराला किती वेळ पाजतीयस? मशीन येऊन उभं राहिलं माळावर."

"आत्या, दात येतायत त्याला. सोडतच नाही."

"दात सगळ्यांनाच आले. गहू भिजला तर चावायला काही राहायचं नाही."

मळणीचं मशीन आमच्याकडं वर्षातून एकदा येतं. वरची वाडी आणि खालची वाडी, मशीन एकच. पूर्वी त्याच्यावरून डोकी फुटायची म्हणे. मग कुणीतरी शहाण्यानं तोडगा काढला: मशीन आलं की माळावर दोर ओढायचा. आठ जण इकडून, आठ जण तिकडून. तीनातून दोनदा जो ओढेल, त्याचं खळं आधी. इतकी वर्षं वरचेच आधी, आम्ही मागून. कोरडं वर्ष असलं की कुणाचं काही बिघडत नाही. औंदा मात्र दोन्हीकडचा गहू उघड्यावर होता आणि मशीनला एका वाडीचं उरकायलाच दिवस जाणार होता.

बाळाला कडेवर घेऊन मी सासूबाईंबरोबर माळावर गेले. आमच्या बाजूला सुतारकाका सगळ्यात पुढं. दोराच्या शेवटी आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, दोर कमरेभोवती घेऊन. ह्यांनीच तिथं उभं राहायचं, पण हे लांब बांधकामावर. समोरच्या टोकाला वरच्या वाडीचा रेडा. नाव त्याचं दुसरं आहे, पण ते त्याच्या आईलाही आठवत नसेल.

"काय सुतार," रेडा म्हणाला, "कशाला उगाच कपडे मळवताय? ताडपत्र्या घाला आणि झोपा जाऊन."

"ओंडके ओढून हात झिजलेत आमचे. तुझ्यासारखे लय ओंडके बघितले," सुतारकाका म्हणाले.

मशीनवाल्यानं दोराच्या मध्यावर रुमाल बांधला, दोन्हीकडं मातीत रेषा मारल्या आणि वर केलेला हात खाली टाकला. सुतारकाकांनी आरोळी दिली, "हैऽय्या," आणि आमचे आठही जण एकदम मागं गेले. पुन्हा "हैऽय्या". तिसऱ्या हैय्याच्या आधीच आमचे आठ जण तोंडावर आले. भाऊजींचा पाय मुरगळला, ते तिथंच बसले. एवढ्यात संपलं.

वरची वाडी हसली. आमच्यातल्या कुणाला काही कळलं नाही. सुतारकाका म्हणाले, "नुसता जोर कमी पडला." हरलेला माणूस आधी तेच म्हणतो.

मला मात्र कळलं, आणि ते बाळामुळं. दोर ओढत होते तेव्हा त्यानं माझ्या केसांची बट मुठीत धरली होती. ओढली की तो जास्तच घट्ट धरतो, हे मला पहिल्या महिन्यातच कळलंय. मूठ सोडवायला जायचंच नाही. थांबायचं. रडायला म्हणून तो दम घेतो ना, तेवढ्यात बोटं सैल पडतात. तेव्हा हळूच बट काढून घ्यायची. आणि समोर बघत होते, तर आमची माणसं अगदी तेच करत होती. हैय्याला ओढायची, आणि पुढच्या हैय्यासाठी दम घ्यायची. ओंडका ओढताना ते चालतं, ओंडका काही उलटा ओढत नाही. रेड्याची माणसं नेमकी आमच्या दमात ओढत होती.

आता आठवा माणूस कुठून आणायचा, यावर खल सुरू झाला. जी राहिली होती ती एकतर म्हातारी, नाहीतर शाळेतली. मी बाळ सासूबाईंच्या हातात दिलं.

"मी राहते शेवटाला."

"तू?" सुतारकाका म्हणाले.

पलीकडून रेडा ओरडला, "अरे, पाळणा पण आणा. मध्येच टांगू."

मशीनवाला खांदे उडवून म्हणाला, "आठ जण ठरलेत, बाप्ये ठरले नाहीत. माझ्या मशीनला काय, पेंढी कुणीही टाकली तरी दाणाच पडतो."

मी दोर कमरेला घेतला आणि सुतारकाकांना हळूच म्हणाले, "काका, आरोळी नका देऊ."

"का? माझ्या आरोळीवर जंगलातलं झाड हललंय."

"झाड हललं, रेडा नाही हलला. ओढायचंच नाही, काका. नुसतं धरायचं. मी 'घ्या' म्हणेन तेव्हा एक पाऊल, आणि पुन्हा धरायचं."

त्यांचं तोंड उतरलं. सगळ्यांसमोर कालची सून आपल्याला गप बसवते म्हणजे काय. बायको त्यांची बाजूलाच उभी होती. ती म्हणाली, "घरी माझं ऐकत नाही ते नाही, इथं तरी कुणाचं ऐका." काकांनी तळहातांना माती चोळली आणि दोर धरला.

मशीनवाल्याचा हात पडला. पहिल्याच हिसड्याला आम्ही दोन पावलं पुढं घसरलो. मी टाचा मातीत रुतवल्या. दोर कमरेत चावला. कुणी आवाज केला नाही, नुसती नाकातून हवा. रुमाल त्यांच्या रेषेपासून हातभर राहिला आणि तिथंच थांबला, थरथरत.

तेवढ्यात बाळ रडलं. माझं बाळ, दुसऱ्या कुणाचं नाही, ते आवाजावरून कळतंच. आणि अंगाला तर आपल्या आधी कळतं. चोळी ओली झाली. हात सुटतात की काय असं झालं. मान वळवली, तर सासूबाई त्याला खांद्यावर थोपटत उभ्या.

"इकडं बघू नकोस," त्या म्हणाल्या. "मी आहे. तू तुझा दोर बघ."

मी समोर बघितलं. रेड्यानं दोरावरचा एक हात काढला, तळहातावर थुंकायला.

"घ्या."

एक पाऊल. पुन्हा धरलं. त्यांच्यात कुणीतरी शिवी हासडली, शिवी द्यायला दम लागतोच. "घ्या." मग ते चिडले. चिडलेला माणूस लवकर धापा टाकतो. पाऊल पाऊल करत रुमाल आमच्याकडं आला. आपण जिंकलो हे आमच्यातल्या दोघांना उशिरानं कळलं, ते तसेच धरून बसले होते.

तिसऱ्या खेपेला फार वेळ लागला. एवढंच सांगते, की तळहाताची साल दोराला राहिली आणि मशीन आमच्या खळ्यावर आलं.

दिवसभर मळणी चालली. मी मध्ये मध्ये बाळाला पाजायची, हाताला फडकं गुंडाळून. शेवटचं पोतं शिवून घरात टाकलं तेव्हा वारा पिसाळला होता आणि वरच्या अंगाला आभाळ पार खाली उतरलं होतं.

तेवढ्यात रेडा आला. एकटाच. दारात उभा राहून सासूबाईंना म्हणाला, "काकी, तुमच्या ताडपत्र्या मोकळ्या झाल्या असतील."

सकाळचं बोलणं सगळ्यांनाच आठवत होतं. भाऊजी पाय शेकत म्हणाले, "का? झोपा की घालून."

सासूबाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, "घेऊन जा. पण या वाऱ्यात एकट्यानं कोपरा धरवणार नाही तुला. आमचे येतील." आणि माझ्याकडं हात केला, "दे इकडं पोराला."

आम्ही सगळे वर गेलो. गंजीवर ताडपत्री टाकली की वारा तिच्यात शिरायचा आणि ती नुसती फडफडत उभी राहायची. सुतारकाकांना राहवलं नाही. "हैऽय्या," ते ओरडले. दोन्ही वाड्यांची माणसं एकदम म्हणाली, "गप बसा हो."

एका कोपऱ्याला मी, माझ्या शेजारी रेडा. हातातली सुतळी खुंटीला बांधायची होती, आणि वारा ओढत होता. त्याचीही साल निघाली होती, फडकं तेवढं नव्हतं.

"बांधू का?" त्यानं विचारलं.

"थांबा. धरून ठेवा नुसतं."

अंगावर टपोरे थेंब पडायला लागले. तो माझ्याकडं बघत होता, मी ताडपत्रीकडं. ती ताणली, आणखी ताणली. मग वाऱ्यानं दम घेतला.

"घ्या," मी म्हणाले.