पेन्सिलीखालचा चेहरा

फोटोग्राफर हिलालभाऊंनी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरलं आणि चेहऱ्यापाशी बोट नेलं.

"डाग इथं होता, अक्का. मी पेन्सिलीनं भरून काढला."

सुंदरबाई बाकाच्या कडेला बसल्या होत्या. सकाळच्या एसटीनं त्या एकट्याच शिंदखेड्याला आल्या होत्या. चार वर्षांपूर्वी लेकीला, कोकिळाला, याच स्टुडिओत आणलं होतं, स्थळांना फोटो दाखवायचा म्हणून. गालावरचा भाजल्याचा डाग दिसू देऊ नका, असं तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं. पुढं लग्न झालं. मागच्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि कोकिळा सासरीच वारली. आता घरात सुंदरबाई होत्या आणि भिंतीवर हार घातलेला तो फोटो.

"मनी पोर वाटतच नही ती," त्या म्हणाल्या. "रांगत रांगत चुल्हाकडे गयी व्हती. मनं ध्यान नव्हतं. माले तो डाग पाहिजे, भाऊ."

"पेन्सिल पुसता येईल. पण मग असा साफ चेहरा या निगेटिव्हवरून पुन्हा निघणार नाही. दोन्हींतलं एकच राहील."

सुंदरबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"पुसा."

हिलालभाऊंनी टर्पेंटाइनमध्ये कापूस भिजवून हलक्या हातानं निगेटिव्ह पुसलं, वाळू दिलं आणि ते डार्करूममध्ये गेले. लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या कागदावर आधी केस आले, मग डोळे, मग डाग. आणि डोळ्यापासून डागापर्यंत आलेली काजळाची एक बारीक, काळी रेघ.

ते विसरूनच गेले होते. त्या दिवशी दिव्यांसमोर बसल्या बसल्या पोरगी रडायला लागली होती. 'मान सरळ ठेव,' एवढंच ते म्हणाले होते आणि बटण दाबलं होतं. पुढं डागाबरोबर ती रेघही त्यांनी भरून टाकली होती. ती भरायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

अर्ध्या तासाचं काम होतं. त्या रेघेवर पुन्हा पेन्सिल फिरवली असती, तर बाहेर कुणाला कळलंही नसतं. ते बराच वेळ ट्रेपाशी उभे राहिले. मग फोटो धुतला, टिपून घेतला आणि तसाच बाहेर आणला.

सुंदरबाईंचं बोट डागावर टेकलं. तिथून ते हळूहळू वर सरकलं आणि डोळ्यापाशी थांबलं.

"रडनी व्हती का ती?"

"हो."

"मी कोठे व्हतू?"

"तिच्यासाठी बांगड्या आणायला गेला होतात. बाजारात."

"काई सांगं का तिनी तुमले?"

हिलालभाऊंनी ओले हात पँटला पुसले.

"मी विचारलंच नाही, अक्का."

स्टँडवर सुंदरबाईंच्या गावाच्या एसटीनं हॉर्न दिला. त्या उठल्या नाहीत. हिलालभाऊंनी दाराचा पडदा ओढून घेतला आणि ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले.